गंजरोधक लेपन, जुन्या मोटारगाड्यांचे

जुन्या व संग्राह्य मोटारगाडीचा जीर्णोद्धार करताना तिचा पोलादी पत्रा, सांगाडा आणि पत्र्याच्या बंदिस्त पेट्या गंजू नयेत म्हणून त्यांवर देण्यात येणारे संरक्षक थर व ते देण्याची पद्धत. गंजाचे रासायनिक परिवर्तन करणारी द्रव्ये, अस्तर लेप म्हणजे प्रायमर, रंगलेप, सांधे बुजविणारी लुकणे, मेणे व तेले या सर्वांचा यात समावेश होतो. नवी गाडी तयार करणाऱ्या कारखान्यात पत्रा सर्वत्र सारखा स्वच्छ असतो व त्यावर ठराविक क्रमाने ठराविक थर बसतात. जीर्णोद्धार करणाऱ्यापुढे मात्र एकाच गाडीत निरोगी पत्रा, खड्डे पडलेला पत्रा, जुन्या रंगाचे सात-आठ थर, नवे वेल्डिंग आणि हात न पोहोचणाऱ्या पोकळ्या अशा अनेक अवस्था असतात. त्यामुळे एकच लेप सर्व गाडीला पुरत नाही आणि चुकीच्या जागी दिलेला चांगला लेपही कधी कधी लेप नसण्यापेक्षा अधिक अपाय करतो.

गंजण्याची क्रिया : पोलादाचे गंजणे ही विद्युत् रासायनिक क्रिया आहे. ओलसर पत्र्यावर काही जागा धनाग्राप्रमाणे, तर काही ऋणाग्राप्रमाणे वागतात. धनाग्राच्या जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून विरघळतात. ऋणाग्राच्या जागी पाणी व ऑक्सिजन हे इलेक्ट्रॉन स्वीकारून हायड्रॉक्सिल आयन तयार करतात आणि दोहोंच्या संयोगातून अखेर तांबूस गंज बनतो. केंब्रिज येथील यूलिक इव्हान्झ यांनी १९२० नंतरच्या दशकात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबावर केलेले प्रयोग येथे उद्‌बोधक आहेत. थेंबाच्या कडेला ऑक्सिजन भरपूर मिळतो, मध्यभागी तो कमी पडतो आणि पोलाद खाल्ले जाते ते मध्यभागी. मोटारगाडीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरलेले पाणी, रबरी पट्टीखालचा ओलावा किंवा सुटलेल्या रंगाखालची फट हीच गंजाची खरी घरे होत. उघड्या, वारा लागणाऱ्या पृष्ठावरचा गंज दिसायला वाईट असला, तरी त्या मानाने सौम्य असतो. [⟶ गंजणे].

हवेची सापेक्ष आर्द्रता सु. ६० टक्क्यांच्या पुढे गेली व हवेत दूषित द्रव्ये असली, तर गंजण्याचा वेग एकदम वाढतो, हे व्हर्नन यांनी १९३० नंतरच्या दशकात दाखवून दिले. समुद्राकाठी ही मर्यादा आणखी खाली येते. सागरी क्षारांतील मॅग्नेशियम क्लोराइड हे सु. ३३ टक्के आर्द्रतेलाच हवेतील पाणी शोषून ओले होते. म्हणूनच कोकणात किंवा मुंबईत राहिलेल्या गाडीचा तळ फाल्गुन-चैत्रातही पूर्ण कोरडा नसतो. यूरोप व उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत रस्त्यावरचे बर्फ वितळविण्यासाठी पसरलेले मीठ हेच काम करते आणि दुसऱ्या महायुद्धानंतर या मिठाचा वापर वाढल्यामुळे तेथील कित्येक गाड्या अल्पायुषी ठरल्या.

गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. सांध्यातील गंज फुगून पत्रे एकमेकांपासून उचलतो, त्यामुळे नवे पाणी आत येते आणि क्रिया पुढे चालू राहते. मोटारगाडीच्या बॉडीचा पत्रा सामान्यतः ०·७ ते १ मिमी. जाडीचा असतो. पुलाच्या तुळईत क्षुल्लक ठरणारी झीज येथे थेट भोक पाडते.

प्रश्नाचे गांभीर्य : आरंभीच्या मोटारगाड्यांत भक्कम सांगाड्यावर लाकूड व पत्रा यांची बॉडी बसविलेली असे, पत्रा कुजला तरी गाडीचा भार सांगाड्यावरच राही. इटलीतील लान्सिया लाम्डा (१९२२) आणि फ्रान्समधील सीत्रोएनची पुढील चाकांनी चालणारी गाडी (१९३४) यांपासून बॉडीलाच भारवाहक बनविण्याची पद्धत रूढ होत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बहुतेक लहान गाड्या याच प्रकारच्या आहेत. भारतातील दोन परिचित गाड्याही त्यांतच मोडतात. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घडविलेली व २०१४ पर्यंत तयार होत असलेली हिंदुस्थान अँबॅसिडर ही त्यांतील एक होय. दुसरी गाडी मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून बनविलेली फियाट ११०० ही असून पुढे ती प्रीमियर पद्मिनी या नावाने प्रसिद्धीस आली. अशा गाडीत दाराखालच्या लांब पेट्या, तळपत्रा, चाकांच्या कमानी व आडव्या पेट्या मिळूनच सांगाड्याचे काम करतात. त्यांतील पत्रा आतून खाल्ला गेला, तर बाहेरून चकाकणारी गाडी अपघातात दुमडते. जॅकवर उचलताना दार न लागणे ही त्याची बहुधा पहिली खूण असते.

दुसरी बाब मूळ धातूची आहे. आंतरराष्ट्रीय प्राचीन वाहन महासंघाने (स्थापना १९६६) २०१२ साली स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत ऐतिहासिक वाहनाचे मूळ द्रव्य शक्य तेवढे राखण्यावर भर आहे. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. मात्र सांगाडा, बॉडी वा एंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. जी थोडी वाहने खाजगी संग्रहात उरली आहेत, त्यांचा कुजलेला पत्रा कापून नवा बसविता येतो, पण ते वाहन तितक्या अंशाने नवे होते. म्हणून पत्रा बदलण्यापूर्वी तो वाचविता येईल का, हा प्रश्न विचारणे आवश्यक असते आणि त्याचे उत्तर पुष्कळदा लेपाच्या निवडीत असते.

जुन्या संरक्षक पद्धती : पूर्वी पोलादाला शेंदूर व जवसाचे तेल यांचे अस्तर देत. हे अस्तर सावकाश वाळते, परंतु अर्धवट साफ केलेल्या पृष्ठातही मुरते, म्हणून ते दीर्घकाळ टिकून राहिले. टॉमस वॉट्स कॉस्लेट यांच्या १९०६ मधील एकस्वानंतर फॉस्फेटीकरणाचा, म्हणजे पोलादावर फॉस्फेटाचा स्फटिकमय थर निर्माण करण्याच्या क्रियेचा, प्रसार झाला. त्यानंतर झिंक क्रोमेटयुक्त अस्तरे आली. या सर्वांतील उणीव एकच होती. फवारलेला लेप बंद पेटीच्या आत पोहोचत नसे. फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर यांच्या संशोधनातून १९६० नंतरच्या दशकात विद्युत् निक्षेपित अस्तर प्रचारात आले. त्यात सर्व बॉडी पाणीयुक्त रंगाच्या कुंडात बुडवून विद्युत् प्रवाहाने रंग पत्र्यावर ओढून घेतात, त्यामुळे तो आतील बाजूंवरही बसतो. पोर्शे कंपनीने १९७६ च्या वर्षप्रतिमानापासून आपल्या ९११ या गाडीच्या बॉडीसाठी जस्तलेपित पत्रा वापरला. संग्राहकांना प्रिय असलेल्या गाड्यांपैकी बहुसंख्य याच्या आधीच्या आहेत. त्यांच्या पेट्यांचा आतला पत्रा कारखान्यातूनच जवळजवळ नागडा बाहेर पडलेला होता, हे जीर्णोद्धारकाने गृहीत धरावे.

तपासणी : लेप निवडण्यापूर्वी पत्र्याची खरी अवस्था कळणे आवश्यक असते. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरविले असता जेथे ते सुटते तेथे खाली लांबीचा जाड थर, क्वचित शिसे असते. लहान हातोडीने वाजवून पाहताना निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द आवाज करतो. दाराखालच्या पेटीत, चाकाच्या कमानीच्या कडेला, डिकीच्या तळाशी, समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत आणि दारांच्या तळकडेला टोकदार अवजाराने दाबून पाहणे क्रमप्राप्त ठरते. इंग्लंडमधील एमजीबी (१९६२—८०) या खेळीमेळीच्या गाडीत दाराखालची पेटी तीन पत्र्यांची असून मधला पडदा बाहेरून मुळीच दिसत नाही. बाहेरचा पत्रा नवा, रंग ताजा आणि मधला पडदा भुसभुशीत, अशा स्थितीत विकल्या गेलेल्या या गाड्यांनी अनेक खरेदीदारांचे डोळे उघडले आहेत. पेटीच्या निचऱ्याच्या भोकातून लहान दिवा व आरसा किंवा हल्ली स्वस्तात मिळणारा नळीवरचा कॅमेरा आत घालून पाहणे हा यावरील सोपा उपाय होय.

पृष्ठाची पूर्वतयारी : कोणताही रंगलेप पाणी व ऑक्सिजन यांना पूर्णतः अभेद्य नसतो. तो टिकतो तो मुख्यतः पत्र्याला घट्ट चिकटून राहिल्यामुळे, आणि चिकटणे हे पृष्ठाच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. म्हणून लेपनाच्या एकूण श्रमांपैकी मोठा वाटा पूर्वतयारीत जातो व जावा. घाई करणारे नेमकी येथेच करतात.

प्रथम वंगण, सिलिकोनयुक्त पॉलिश व मेण विद्रावकाने काढतात. एका फडक्याने विद्रावक लावून तो वाळण्यापूर्वी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसतात. एकच फडके फिरविल्यास वंगण केवळ पसरते. हे घासकामाच्या आधी करावे लागते, अन्यथा वंगण ओरखड्यांत दाबले जाते. कणांचा झोत मारून पत्रा साफ करणे ही सर्वांत परिणामकारक पद्धत असून ‘एसए २½’ या स्वीडिश मानकाने (पुढे आंतरराष्ट्रीय मानक ८५०१) दर्शविलेली स्वच्छता हे तिचे सामान्य उद्दिष्ट असते. जाड सांगाडा, चाके व निलंबनाचे भाग यांना ती उत्तम मानवते. टप, बॉनेट व दारे यांच्या सपाट पातळ पत्र्यावर मात्र जाड कणांच्या झोताने पृष्ठ ताणले जाऊन पत्रा फुगतो व ते विरूपण पुढे लांबी भरून झाकावे लागते. अशा ठिकाणी काचेचे बारीक मणी, प्लॅस्टिकचे कण किंवा साधे रंगविमोचक द्रव्य वापरतात. सोड्याचा झोत पत्र्याला सौम्य असतो, पण त्याचा अल्कधर्मी अवशेष काळजीपूर्वक धुऊन काढला नाही, तर वरचा लेप सुटतो. नदीची वाळू स्वस्त असली तरी तिच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य रोग होतो. ती वर्ज्य समजावी. झोत मारण्यापूर्वी सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक झाकून घेणे अत्यावश्यक असते. तो पुसट झाल्यास वाहनाची ओळखच धोक्यात येते. याच कारणासाठी त्यावर पुढे लांबी किंवा जाड लेपही देत नाहीत.

खड्डे पडलेल्या पत्र्यावर झोत मारल्यानंतरही खड्ड्यांच्या तळाशी क्लोराइडे उरतात. डोळ्यांना पत्रा रुपेरी दिसतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे काळपट-तांबूस ठिपके उमटतात. अशा वेळी स्वच्छ, क्षाररहित पाण्याच्या दाबाने धुवून, लगेच उबदार हवेने वाळवून, पुन्हा हलका झोत मारतात. साफ केलेल्या पत्र्याला उघड्या हाताने स्पर्श करीत नाहीत, कारण घामातील मीठही पुरेसे असते. दमट हवेत काही तासांच्या आतच अस्तर दिले गेले पाहिजे.

सुटे करता येणारे भाग द्रवात बुडवून साफ करता येतात. विरल फॉस्फोरिक अम्लाने गंज विरघळून पत्र्यावर फॉस्फेटाचा पातळ थर उरतो. धुण्याच्या सोड्याच्या विद्रावात भाग ऋणाग्राला जोडून विद्युत् प्रवाह सोडण्याची रीतही सोपी आहे. मात्र धनाग्रासाठी अगंज पोलाद वापरू नये, कारण त्यापासून विषारी क्रोमेटे तयार होतात. तसेच स्प्रिंगा व उच्च ताणबलाचे बोल्ट अशा कुंडात ठेवल्यास त्यांत हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात. साखर कारखान्यातील मळी सु. नऊपट पाण्यात मिसळून तीत भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवण्याची एक जुनी, दुर्गंधी पण स्वस्त पद्धत आहे. मळीतील कार्बनी द्रव्ये लोह-आयनांना पकडून ठेवतात व निरोगी पोलादाला फारसा उपद्रव होत नाही. ॲल्युमिनियम व जस्त यांचे भाग मात्र तीत टाकीत नाहीत. संपूर्ण बॉडी अम्लात बुडविण्याची सोय काही देशांत आहे, परंतु सांध्यांत अडकलेले अम्ल पुरते उदासीन झाले नाही, तर महिन्या-दोन महिन्यांनी ते नव्या रंगातून पाझरते.

लेपांची निवड : स्वच्छ, उघड्या पोलादासाठी सध्या दोन घटकांचे एपॉक्सी अस्तर सर्वांत विश्वसनीय समजले जाते. त्याचा घट्ट थर पाण्याला चांगला विरोध करतो आणि त्यावर लांबी, लुकण व रंग हे सर्व बसतात. दोन हात मिळून सु. ५० ते १०० मायक्रॉन जाडी पुरेशी होते. सूर्यप्रकाशात ते खडूसारखे भुकटते, म्हणून त्यावर रंग आवश्यक असतो. तसेच उत्पादकाने दिलेल्या मुदतीत पुढचा थर न दिल्यास ते पुन्हा घासावे लागते. अम्लयुक्त ‘एच’ प्रायमर हे पॉलिव्हिनिल ब्युटिराल व फॉस्फोरिक अम्ल यांचे अत्यंत पातळ अस्तर ॲल्युमिनियमाला व जस्ताला विशेष चांगले धरते. परंतु त्यावर थेट एपॉक्सी किंवा पॉलिएस्टर लांबी दिल्यास त्यातील मुक्त अम्लामुळे वरचा थर नीट पक्व होत नाही. दोन्ही अस्तरे चांगली म्हणून एकावर एक देण्याची चूक कार्यशाळांत नेहमी आढळते.

पृष्ठ सपाट करण्यासाठी फवारण्यात येणारे भरण प्रायमर हे गंजरोधक नव्हे. घासायला सोपे जावे म्हणून त्यात भरण द्रव्य भरपूर असते आणि त्यामुळे ते सच्छिद्र असते. ‘सध्या प्रायमर मारून ठेवू, रंग पुढच्या वर्षी’ असे म्हणून पावसाळाभर उघड्यावर ठेवलेली गाडी प्रायमरखालून गंजते. मग सर्व प्रायमर खरवडून काढण्यावाचून गत्यंतर नसते. काम लांबणार असल्यास गाडी एपॉक्सीवर ठेवावी. लांबीदेखील पाणी शोषते, म्हणून ती उघड्या पत्र्याऐवजी एपॉक्सीवर भरणे इष्ट. [⟶ रंगलेप].

जस्तयुक्त अस्तर वेगळ्या तत्त्वावर चालते. त्यात वाळलेल्या थराच्या वजनाच्या ८० ते ९० टक्क्यांपर्यंत जस्ताची पूड असते. जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचविते. त्यासाठी जस्ताचे कण व पोलाद यांचा प्रत्यक्ष विद्युत् संपर्क हवा. जुन्या रंगावर वा गंजावर दिलेले जस्ताचे अस्तर हा केवळ करडा रंग ठरतो. बिंदू वेल्डिंगने जोडावयाच्या पत्र्यांच्या आतील बाजूंवर ते वेल्डिंगपूर्वी देतात. मोटारीत त्याचे खरे स्थान तेच होय.

गंज पूर्णपणे निघू शकत नाही अशा ठिकाणी गंज-परिवर्तके वापरतात. त्यांतील टॅनिक अम्ल लोहाशी संयोग पावून निळसर-काळे, स्थिर लोह टॅनेट तयार करते. हिरडा व हिराकस यांपासून पूर्वी बनणाऱ्या काळ्या शाईतील क्रिया हीच आहे. ही परिवर्तके घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावर उपयुक्त आहेत. सुटे खवले ताराच्या ब्रशाने काढल्याशिवाय ती लावली, तर वरचा थर काळा होतो व खालचा गंज पूर्ववत चालू राहतो. आणि रंग काळा झाला म्हणजे रोग बरा झाला, असा समज होतो. हवेतील ओलाव्याने पक्व होणारे पॉलियुरेथेन लेप खडबडीत, गंजलेल्या पृष्ठाला विलक्षण घट्ट धरतात, गुळगुळीत नव्या पत्र्यावर मात्र ते सालीसारखे निघतात. ते उन्हात टिकत नाहीत, आणि अतिदमट हवेत जाड थर दिल्यास आत कार्बन डाय-ऑक्साइडाचे बुडबुडे अडकतात. निलंबनाचे भाग व सांगाडा यांवरील पूड-लेप सु. १८०° ते २००° से. तापमानास भाजून घट्ट करतात. तो कणखर असतो. पण दगड लागून एके ठिकाणी फुटल्यास ओलावा खालून सरकत जातो आणि बाहेरून अखंड दिसणारी साल आत गंज लपविते. जुन्या बॉडीच्या सांध्यांत शिसे-कथिलाची मिश्रधातू भरलेली असते. ती १८३° से.ला मऊ होऊ लागते, हे बॉडी भट्टीत घालण्यापूर्वी ध्यानात घेतले पाहिजे.

वितळलेल्या जस्तात, म्हणजे सु. ४५०° से.ला, बुडविण्याची प्रक्रिया लँड रोव्हरसारख्या गाड्यांच्या स्वतंत्र सांगाड्यासाठी करतात. पातळ पत्रा त्या तापमानाला वाकतो, आणि बंद पोकळीला भोके नसतील, तर आतील ओलाव्याची वाफ होऊन स्फोट होऊ शकतो. १९४८ पासूनच्या या गाड्यांच्या बॉडीत पोलादाच्या तुटवड्यामुळे ॲल्युमिनियम मिश्रधातूचा पत्रा वापरला गेला. तो पोलादी चौकटीला जेथे भिडतो, तेथे ओलाव्यात ॲल्युमिनियमच झिजते. अशा जागी दोन्ही धातूंवर अस्तर देऊन मध्ये विद्युत् निरोधक पट्टी किंवा लुकण घालतात.

तळभाग व पोकळ्या : पूर्वी गाडीच्या तळाला डांबराचा जाड थर देण्याचा प्रघात होता व ‘अंडरकोटिंग’ या नावाने आपल्याकडे तो अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. नवा असताना हा थर चांगला असतो. काही वर्षांनी मात्र तो कडक होऊन तडकतो, त्याच्या व पत्र्याच्या मध्ये पाणी शिरते आणि बाहेर पडू शकत नाही. गंजलेल्या तळावर डांबर मारणे म्हणजे ओले पोतेरे पत्र्याला कायमचे बांधून ठेवणे होय. जुना थर उष्ण हवेने व खरवडणीने काढून, एपॉक्सी देऊन, सांध्यांवर पॉलियुरेथेनाचे लुकण भरून, चाकांच्या कमानींत खडे सोसणारा लवचिक लेप देणे हा योग्य क्रम आहे. कमानी सोडून उरलेल्या तळाला पारदर्शक मेण पुरते. त्यातून पत्रा दिसत राहतो, आणि दिसणाऱ्या पत्र्यावरचा गंज वेळीच लक्षात येतो.

बंद पेट्यांचा प्रश्न सर्वांत नाजूक असून गाडीचे आयुष्य प्रत्यक्षात त्यावर ठरते. नवा पत्रा वेल्डिंगने बसविताना त्याच्या आतल्या बाजूचे अस्तर जळते व ती जागा पुन्हा कधीच हाताला लागत नाही. बाहेरून घासून, रंगवून सांधा अदृश्य होतो. आतून तो जळक्या, उघड्या पोलादाची रेघ असतो. जीर्णोद्धारानंतर दोन-तीन पावसाळ्यांत नेमकी वेल्डिंगच्या बाजूने उमटणारी तांबडी रेघ ही या दुर्लक्षाची निशाणी होय. अशा पोकळीत कडक रंग उपयोगी पडत नाही. तो धुळीवर व खवल्यांवर बसतो आणि सुटतो. तेथे गंजनिरोधक द्रव्ये मिसळलेले विद्रावकयुक्त मेण किंवा लोकरीतील मेद (लॅनोलिन) वापरतात. ही द्रव्ये वाळत नाहीत वा अर्धवटच वाळतात, केशाकर्षणाने सांध्यांत शिरतात, पाणी बाजूला सारतात आणि लहान ओरखडा पडल्यास पुन्हा त्यावर पसरतात.

क्रम असा पाळतात : सर्व वेल्डिंग व रंगकाम आधी संपवितात, कारण मेणाचा विद्रावक ज्वलनशील असतो आणि मेणाचा अंशही रंगाला धरू देत नाही. पेटीतील माती व खवले दाबाखालील हवेने काढतात. पाणी वापरल्यास पेटी कित्येक दिवस उबदार हवेत वाळू देतात. मेण कोमट करून, टोकाशी सर्व दिशांना फवारा सोडणारी लांब लवचिक नळी पेटीच्या पार टोकापर्यंत घालून ती सावकाश मागे ओढत फवारतात. निचऱ्याच्या प्रत्येक भोकातून मेण ठिबकू लागले, म्हणजे ते सर्वत्र पोहोचल्याची बऱ्यापैकी खात्री होते. विद्रावक उडाल्यावर दुसरा, किंचित दाट हात देतात. शेवटी सर्व निचऱ्याची भोके तारेने मोकळी करतात. हे न केल्यास पेटीची टाकी होते. भोके व्यवस्थित नसलेल्या पेटीला नवे भोक पाडावयाचे तर ते भारवाहक वळणापासून दूर पाडून रबरी बूच बसवितात.

जिचा मूळ रंग बव्हंशी टिकून आहे, अशी गाडी रंगविण्याऐवजी केवळ मेण व तेल यांनी राखणे पुष्कळदा श्रेयस्कर ठरते. मेण विद्रावकाने पुन्हा काढता येते, एपॉक्सी काढता येत नाही. झिजलेला मूळ रंग ही गाडीच्या इतिहासाची साक्ष असते व एकदा झोताखाली गेल्यावर ती परत येत नाही.

हवामान व आरोग्य : लेप देताना पत्र्याचे तापमान हवेच्या दवबिंदूपेक्षा निदान ३° से.ने अधिक व सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांहून कमी असावी, असा औद्योगिक संकेत आहे. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर या काळात तो पाळणे बंद, तापविलेल्या खोलीशिवाय कठीण असते. दमट हवेत एपॉक्सीच्या काही प्रकारांवर तेलकट साय येते व ती न धुता दिलेला रंग सुटतो. म्हणून पत्राकाम पावसाळ्यात आणि लेपन दिवाळीनंतर, अशी आखणी सोयीची पडते. देशावरील कोरड्या उन्हाळ्यात उलट अडचण येते. तापलेल्या पत्र्यावर विद्रावक चटकन उडून फवारा कोरडा पडतो, म्हणून काम सकाळी उरकतात.

जुन्या रंगांत शिशाची व क्रोमेटाची संयुगे असतात. ते कोरडे घासू नयेत. पाण्याने घासून गाळ वेगळा गोळा करावा. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगातील आयसोसायनेटांमुळे जन्मभराचा दमा जडू शकतो. त्यांच्या फवाऱ्यासाठी कापडी वा साधा कोळशाचा मुखवटा पुरेसा नसून बाहेरून नळीने हवा पुरविणारा मुखवटा लागतो. जस्तलेपित पत्र्याच्या वेल्डिंगच्या धुराने थंडी-ताप येतो. आपल्याकडील रस्त्यालगतच्या लहान कार्यशाळांत ही काळजी क्वचितच घेतली जाते आणि तिची किंमत गाडीचा मालक नव्हे, तर रंगारी मोजतो.

निगा : लेपन झालेल्या गाडीवर प्लॅस्टिकचे आच्छादन घातल्यास आत दव साचते, सुती, हवा खेळू देणारे आच्छादन व फरशी कोरडी असलेली जागा उपयुक्त ठरते. पावसाळ्यापूर्वी निचऱ्याची भोके, दारांच्या तळकडा व काचेच्या रबरी पट्ट्या तपासतात. पावसाळा संपताच तळ व कमानी गोड्या पाण्याने धुऊन गाडी काही किलोमीटर चालवितात, म्हणजे सांध्यांतील पाणी निघून जाते. पोकळ्यांतील मेण दर दोन-तीन वर्षांनी कॅमेऱ्याने पाहतात. कोणत्या पेटीत कोणते द्रव्य केव्हा व कोणत्या भोकातून फवारले याची छायाचित्रांसह वही ठेवलेली असल्यास हे काम तासाभराचे होते. थर विरळ झालेला आढळल्यास त्याच भोकातून नव्याने फवारतात. जुने मेण काढावे लागत नाही, कारण नव्या मेणातील विद्रावकाने ते मऊ होऊन त्यात मिसळते.